बहर तोंडावर असताना कात्री खाली ठेवा: वसंतातल्या फुलझाडांबाबत या चुका टाळा

जानेवारी संपत आला की मला फोन यायला लागतात. "ताई, चाफ्याला एक पान उरलं नाही, गेला का हो?" "बोगनवेलीला नुसती पानंच पानं." "मोगऱ्याच्या कळ्या काळ्या पडून गळतायत." ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीची बाग मी सोळा वर्षं बघतेय. दर वर्षी तेच महिने, तेच प्रश्न आणि कारणंही तीच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

आपल्याकडे वसंत सरळ चालीने येत नाही. फेब्रुवारीत पहाटे शाल लागते आणि दुपारी पारा पस्तिशीला टेकतो. मार्चमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपार उलटेपर्यंत आत पोचत नाही, आणि ठाणं, कळवा, ऐरोली सगळं अडतीस-एकोणचाळीसवर तापतं. त्यातच एखाद्या रात्री अवकाळी सर कोसळते. इथली झाडं हे पिढ्यान् पिढ्या सोसत आली आहेत. त्या दिवसांत आपण जी धांदल करतो, तिनेच त्यांचा बहर जातो.

पावसाळ्याआधीची म्हणून मार्चमध्ये केलेली छाटणी

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. वर्तकनगर भागातल्या एका सोसायटीत दोन ताम्हण, चार पांढरे चाफे आणि एक बहावा, अशी सुरेख रांग होती. फेब्रुवारीच्या सभेत छाटणीचा ठराव झाला. सगळी झाडं एकाच दिवशी उरकली तर पैसे कमी, असं ठेकेदाराने सांगितलं, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते काम झालंही. मला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी, "आता खत कोणतं घालू" हे विचारायला. मी फाटकातच थांबले. ताम्हणाचे नुसते खांब उभे होते. चाफ्याच्या प्रत्येक फांदीचं टोक उडवलेलं, चिकाचे ओघळ वाळून पांढरे झालेले. खाली कचऱ्याच्या ढिगात बोटभर लांबीचे कळ्यांचे तुरे पडले होते.

चाफ्याचं फूल फांदीच्या शेंड्यालाच येतं. शेंडा गेला म्हणजे त्या वर्षीचं फूल गेलं. ताम्हणाचा जांभळा तुराही नव्या फुटीच्या टोकाला लागतो आणि ती फूट ऐन मार्चमधली असते. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये तिथे एकही फूल नव्हतं. पावसाळ्यात कापलेल्या जागांवरून झाडूसारखे सरळसोट पाणफुटवे आले. असे फुटवे फांदीला नुसते वरवर चिकटलेले असतात. जुलैच्या वाऱ्यात त्यातला एक तुटून उभ्या स्कूटरवर पडला. ज्या भीतीपोटी छाटणी केली तेच झालं! दुसऱ्या वर्षी चार-दोन तुरे आले. चाफा धरून सगळी रांग पुन्हा फुलायला तिसरं वर्ष उजाडलं. तळमजल्यावरच्या आजी देवाला रोज त्या चाफ्याची फुलं न्यायच्या. दोन वर्षं त्यांनी बाजारातून फुलांचा पुडा आणला.

तेव्हा हे लक्षात ठेवा. जी झाडं पानं गाळून उघड्या फांदीवर फुलतात, म्हणजे काटेसावर, पांगारा, पळस, गिरिपुष्प, वसंतराणी, त्यांच्या कळ्या आधीच्या वर्षीच्या फांदीवर असतात. ती फुलून गेल्याशिवाय हात लावायचा नाही. जी नव्या फुटीवर फुलतात, म्हणजे मोगरा, जास्वंद, बोगनवेल, ती थंडीतच छाटून मोकळं व्हायचं. पावसाआधी धोक्याच्या फांद्या काढायच्याच असतील तर मेअखेर काढा, तेवढ्याच काढा, आणि आधी घरटी बघा. शहरातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठी छाटणीही तिथे विचारल्याशिवाय करू नका.

माझी स्वतःची सवय सांगते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी बागेत फिरते आणि ज्या फांद्या त्या वर्षी फुलणार त्यांना लाल दोरा बांधते. माळीदादांना एकच सांगणं: दोरा दिसला की कोयता खाली. दोऱ्याशिवायच्या फांदीबद्दल शंका आली तर नखाने साल किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. निष्पर्ण चाफा "मेला" म्हणून उपटणाऱ्यांनी एवढं तरी करावं.

ताण मोडणे

डाळिंब-मोसंबीवाले बहार धरतात म्हणजे काय करतात? पाणी तोडून झाडाला ताण देतात, पान गळू देतात आणि मग बेताने पाणी सोडतात. गच्चीतल्या मोगऱ्यालाही हेच लागू आहे, फक्त नव्याने बाग करणाऱ्यांना ते बघवत नाही. पान पिवळं पडलं की दोन वेळा पाणी, वर चमचाभर युरिया. मग हिरवागार मोगरा घेऊन विचारायला येतात, फूल का नाही! युरियातलं नत्र मिळालं की झाड पानं काढणार.

मी डिसेंबरच्या शेवटी मोगऱ्याचं पाणी कमी करते. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दीड फुटावर छाटते, उरलेली पानं हाताने खुडते, वरची दोन बोटं माती उकरून आठ-दहा दिवस ऊन खाऊ देते. मग प्रत्येक कुंडीत दोन मुठी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. मार्चमध्ये कळी धरते. यात जवळचा रस्ता नाही. "फूल येण्याचं औषध" म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर मी एक रुपया खर्च करत नाही आणि तुम्हीही करू नये.

बोगनवेल तर याहून सोपी. तिचा रंगीत भाग पाकळ्यांचा नसतोच, ती रंगीत पानं असतात. खरं फूल म्हणजे त्यांच्यामधली बारीक पांढरी नळी. पान जरासं मलूल होईपर्यंत थांबायचं आणि मगच पाणी द्यायचं. रोज पाणी घातलेली बोगनवेल कुंपण म्हणून वाढते, बहरत नाही.

आता अवकाळीचं. एका वर्षी मार्चच्या सुरुवातीला रात्री तासभर धो धो पाऊस झाला. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी सकाळी धावत आली. नुकतीच बाग सुरू केलेली, सहा कुंड्या मोगरा, कळ्यांनी भरलेला. मी गेले तोवर तिने बुरशीनाशक फवारलं होतं आणि "ताकद यावी" म्हणून खतही घातलं होतं. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र पाण्याने तुडुंब. मुळं रात्रभर पाण्यात, त्यावर खताचा भडिमार. चार दिवसांत सगळ्या कळ्या गळल्या आणि दोन कुंड्या कायमच्या गेल्या. माझ्याही तिसऱ्या हिश्श्याच्या कळ्या त्या पावसात गेल्या, पण एप्रिलमध्ये दुसरी फूट आली आणि तिच्यावर मोगरा भरभरून फुलला. त्या मुलीच्या उरलेल्या चार कुंड्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

अवकाळीनंतर मी करते ते इतकंच. ताटल्या काढून फेकते, कुंड्या तिरप्या करून पाणी निथळते, फांद्या हलक्या हाताने झटकते, तपकिरी कळ्या खुडते. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागेपर्यंत पाणी नाही. पंधरा दिवस खत नाही. मुलीला माझं शेवटचं वाक्य आवडलं नव्हतं, तरी सांगते: बाकी काहीही करायचं नाही.

परदेशातला दंव आपल्या गॅलरीत आणणे

सोनचाफा मॅग्नोलियाच्याच कुळातला. त्यामुळे मॅग्नोलियाबद्दल शोधलं की थंड देशातले व्हिडिओ पुढे येतात. तिथे मार्च-एप्रिलमध्ये ऊब येते, कळ्या फुगतात आणि अचानक एका रात्री पारा शून्याखाली जाऊन दवाचं हिम होतं. सफरचंद, चेरी, मॅग्नोलिया यांच्या उमलत्या कळ्या एका रात्रीत काळ्या पडतात. म्हणून तिथली माणसं संध्याकाळी झाडावर कापड टाकतात, सकाळी काढतात, आदल्या दिवशी माती ओली ठेवतात, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. त्यांच्यासाठी हे अगदी बरोबर आहे. आपल्याकडे फार तर महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ मधलं.

तरीही कोलशेतच्या एका घरात मी जानेवारीभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सोनचाफा पाहिला. आत वाफ, पानांवर बुरशी, शेंडा सडलेला. आपल्या झाडांना आच्छादन लागतं ते मार्चच्या उन्हापासून. कुंड्यांना पश्चिमेच्या बाजूने बारा ते चार जुनी सुती साडी बांधा, मातीवर वाळक्या पानांचा थर द्या, पाणी सकाळी सातच्या आत.

बाकीच्या, थोडक्यात

नर्सरीतून फुलांनी लगडलेलं रोप आणून त्याच दिवशी कुंडी बदलू नका. फुलं ओसरू द्या.

सोनचाफा बीपासून लावलात तर फुलाला आठ-दहा वर्षंही लागतात. कलम घ्या.

बुंध्याला विजेच्या माळा गुंडाळू नका, खिळे ठोकू नका, आणि चारही बाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवा. काँक्रीट बुंध्याला भिडलं की पाणी मुळाशी जातच नाही.

सोसायटीतल्या आंब्याचा मोहोर अवकाळीत भिजला की भुरी आणि करपा हे बुरशीचे रोग येतात, हे खरं. पण मोहोर फुललेला असताना कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्याच करतात. त्यांना मारून आंबा कुठून धरणार?

एकाच रविवारी जाऊन निराश होणे

लोक एप्रिलमध्ये ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात जातात आणि "पळस कुठे दिसलाच नाही" म्हणतात. पळस शिमग्याच्या आसपासचा, फार तर मार्चच्या मध्यापर्यंत. सकाळी साडेसहाला पोचा. नऊनंतर ऊन आणि गर्दी, दोन्ही वाढतात. लवकर गेलात तर एका पांगाऱ्यावर मैना, बुलबुल, पोपट आणि सूर्यपक्षी एकत्र दिसतील. हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, फुलं तोडू नका. काटेसावरीची जाड लाल फुलं खाली पडलेली असतात, ती तिथेच हातात घेऊन बघा आणि तिथेच ठेवा.

आणि एखाद्या पावसाने एक झाड हुकलं म्हणून हळहळत बसू नका. सावर, पांगारा, पळस ओसरत असतात तोवर पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ वसंतराणी गुलाबी होते. तिच्यामागे एप्रिलमध्ये बहाव्याची पिवळी झुंबरं, आणि मग ताम्हण, आपलं राज्यपुष्प. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं जुनी माणसं म्हणतात. मी गेली काही वर्षं पहिल्या झुंबराची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवते.

वर्तकनगरच्या त्या सोसायटीत आता छाटणीच्या ठरावाआधी मला बोलावतात. यंदा त्यांच्या ताम्हणाला मी अकरा दोरे बांधलेत. मागच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या आजींनी निरोप पाठवला, चाफ्याच्या खालच्या फांदीवर एक दोरा त्यांनी स्वतः बांधलाय.