प्रबंध छापायला देण्याआधी: मथळ्यांचे आणि परिच्छेदांचे क्रमांक

मामेभावाचा केळीवरचा प्रबंध लेटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहायच्या, मग फाइल चालवली की छापायची पीडीएफ बनते, असं सॉफ्टवेअर) मीच बसवून दिला होता. आदल्या रात्री त्याला आठवलं की तिसऱ्या प्रकरणात ठिबक राहिलंच. मृगबाग आणि कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम) यांच्या मध्ये तो विभाग घुसवला, फाइल एकदा चालवली, पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकली आणि सकाळी रावेरहून जळगाव गाठलं. पाच प्रती, कापडी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. संध्याकाळी प्रत उघडली तर आत कांदेबाग ३.३, अनुक्रमणिकेत ३.२. ठिबकचा तर अनुक्रमणिकेत पत्ताच नाही. मजकुरात जिथे जिथे ‘लागवडीसाठी विभाग ३.२ पाहा’ होतं, तिथून निघालेला वाचणारा थेट ठिबकच्या नळ्यांत जाऊन पडत होता.

म्हणून आधी हे: फाइल दोनदा चालवा. लेटेक चालताना नवे क्रमांक आणि पानं बाजूच्या फाइलींत लिहून ठेवतं, पण अनुक्रमणिका आणि ‘विभाग अमुक पाहा’ हे मागच्या खेपेला लिहिलेल्या फाइलींतून उचलतं. एकदाच चालवलं की मथळे आजचे, अनुक्रमणिका कालची. लॉगच्या, म्हणजे चालवताना बनणाऱ्या नोंदींच्या फाइलीच्या, शेवटी ‘रीरन’ (पुन्हा चालवा) असं ते ओरडून सांगतं. मी लॉग वाचलाच नव्हता. एखादा स्वल्पविराम बदलला तरी दोनदा. अनुक्रमणिका लांबून पुढची पानं सरकली असतील तर तीनदा.

फॉन्ट युनिकोड घ्या, झीलेटेक (लेटेकचंच युनिकोड फॉन्ट चालवणारं रूप) वापरा आणि फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी आहे हेही सांगा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. अंक देवनागरी हवेत की इंग्रजी हे गाइडना आजच विचारा.

आता क्रमांक किती खोलवर पडतात ते. बुक आणि रिपोर्ट या क्लासमध्ये (दस्तऐवजाच्या तयार साच्यांत) क्रमांक सबसेक्शनपर्यंतच पडतात, आर्टिकलमध्ये एक पायरी खाली. प्रकरण शून्य, सेक्शन एक, सबसेक्शन दोन, सबसबसेक्शन तीन, पॅराग्राफ चार अशी मोजणी आहे. पॅराग्राफलाही क्रमांक हवा तर ‘सेकनमडेप्थ’ (क्रमांकांची खोली ठरवणारा आकडा) चारवर न्या. क्रमांक दिसत नाहीत म्हणून हाताने टाइप करू नका. कृपा करून करू नका. एक विभाग मध्ये आला की सगळे बदलत बसाल. अनुक्रमणिकेची खोली मात्र ‘टॉकडेप्थ’ ठरवतं, ते वेगळं आहे. ते दोनवरच राहू द्या; चारवर नेलं की अनुक्रमणिकाच प्रकरणाएवढी होते.

पॅराग्राफचा मथळा मुळात ओळीतच बसतो, मजकूर त्याला चिकटून सुरू होतो. बहुतेक गाइडना ते आवडत नाही. मग मथळ्यापुढे दोन बॅकस्लॅश मारून ओळ तोडायचा मोह होतो. तो टाळा, ‘टायटलसेक’ हे पॅकेज घेऊन मथळ्याचा आकारच एकदा ठरवा.

मथळा नको, नुसते परिच्छेदच क्रमांकित हवेत (कायद्याच्या मसुद्यात असतात तसे), तर स्वतःचा काउंटर (क्रमांक मोजणारा आकडा) करा आणि तो सेक्शनला बांधा, म्हणजे दर विभागात एकपासून सुरू होईल. वाढवताना ‘रेफस्टेपकाउंटर’च वापरा. साध्या ‘स्टेपकाउंटर’ने छापलेला आकडा बरोबर येतो, पण त्या परिच्छेदाचा संदर्भ दिला की सेक्शनचा क्रमांक उमटतो. ही चूक डोळ्याला दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. लेबलचंही (संदर्भासाठी दिलेल्या खुणेचंही) तसंच: ते मथळ्याच्या नंतर लिहा. आधी लिहिलं की मागच्या विभागाचा क्रमांक धरून बसतं.

आणि हे सगळं करून झालं की दोनदा चालवा. सांगितलंय मी, पण परत सांगतो. शंका आली तर ऑक्स आणि टीओसी (त्याच बाजूच्या) फाइली उडवून नव्याने तीनदा चालवा. ‘लेटेकएमके’ हा प्रोग्रॅम टाकलेला असेल तर तोच लागतील तितक्या फेऱ्या मारतो. माझ्याकडे तेव्हा नव्हता.

मनोगताला क्रमांक नको असेल तर बुक क्लासमध्ये ते ‘फ्रंटमॅटर’ या (सुरुवातीच्या पानांच्या) आज्ञेखाली घाला. क्रमांक जातो, अनुक्रमणिकेतलं नाव राहतं. तारांकित मथळा वापरला तर ते नाव वेगळं घालावं लागतं. ३.१०.१२ असे लांब क्रमांक अनुक्रमणिकेत नावावर चढतात, तिथली रुंदी वाढवा. हायपररेफ (पीडीएफमध्ये दुवे घालणारं पॅकेज) बाकीच्या पॅकेजांच्या शेवटी घ्या.

बाइंडिंगच्या बाजूला समास जास्त. पानं ए-फोर. तपासताना अनुक्रमणिकेतल्या कोणत्याही पाच नोंदी घ्या आणि पान उघडून ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, मी ते केलं नाही आणि बाइंडिंगवालाच म्हणाला, “भो, हे ठिबक यादीत कुठंय?” मे महिना असेल तर जळगावला सकाळीच निघा. निघायच्या आधी, पेनड्राइव्ह काढायच्या आधी, दोनदा.