गावात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर बैठक कशी घ्यावी

मार्च महिना जगभर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या जागृतीचा म्हणून पाळला जातो. त्या महिन्यात गडद निळ्या फिती लावून प्रभातफेरी काढा, असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. खान्देशात तेव्हा गहू-हरभऱ्याची काढणी चालू असते, सातपुड्याच्या पायथ्याला होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरतात. फेरी शाळेतली पोरं काढतात आणि ज्याला शौचातून रक्त पडतंय तो माणूस शेतात असतो. फेरी सोडा, बैठक घ्या.

रात्रीची जेवणं झाल्यावर, मंदिराच्या ओट्यावर किंवा कुणाच्या अंगणात. पंचवीस-तीस माणसं पुरे. पुरुष वेगळे, बाया वेगळ्या. बायांची बैठक आशाताई किंवा सिस्टरनेच घ्यावी. माइक, हारतुरे, पुढारी यांतलं काही नको. पुढारी आला की माणसं ऐकायला बसतात, बोलत नाहीत, आणि इथे माणसं बोलली नाहीत तर सगळी मेहनत वाया जाते. जगात वर्षाला 19 लाखांहून जास्त लोकांना हा कॅन्सर होतो, हा आकडा तुमच्या माहितीसाठी असू द्या. बैठकीत त्याने कुणीही हलत नाही.

अवघड भाग एकच: शौचातल्या रक्ताबद्दल माणसांना बोलतं करणं. मला सुरुवातीची वर्षं हे फार जड गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

‘आप्पा, परसाकडले रगत पडस का?’ असं भर बैठकीत कुणा एकाला कधीही विचारू नका. तो नाहीच म्हणणार, आणि एकदा चारचौघांत नाही म्हटलं की नंतर एकट्यातही नाहीच म्हणेल. सुरुवात मूळव्याधीपासून करा. मूळव्याध आहे हे सांगायला आपल्याकडे कुणी लाजत नाही. ‘मूळव्याधीचा त्रास कुणाकुणाला आहे?’ विचारलं की हात वर होतात, कोणी सुरणाचा उपाय सांगतं, कोणी ताकाचा. पाच मिनिटं बोलू द्या. मग एकच प्रश्न टाका: ‘मूळव्याधच आहे, हे बघून कुणी सांगितलं?’

इथे बैठक शांत होते. कुणाला मेडिकलवाल्याने सांगितलेलं असतं, कुणाला मेहुण्याने, कुणी स्टँडजवळची पाटी वाचून स्वतःच ठरवलेलं असतं. तपासून कुणीच सांगितलेलं नसतं. ही शांतता तुम्ही भरून काढू नका. एखादा माणूस स्वतःहून बोलेपर्यंत थांबा. तो बोलला की पुढचं सांगा: डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासतो, त्याला मिनिटही लागत नाही. आपल्या देशात या कॅन्सरमध्ये गुदाशयाच्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाच्या कॅन्सरचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. ज्याने ही तपासणी न करता महिनोन् महिने मलम आणि गोळ्या दिल्या, त्याने आजार पाहिलाच नाही.

या टप्प्यावर तीन गोष्टींची काळजी घ्या. पहिली, रक्त म्हणजे कॅन्सर असं चुकूनही म्हणू नका. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना खरोखर मूळव्याध किंवा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, एवढंच असतं. तुम्ही घाबरवलं आणि शेजाऱ्याची साधी मूळव्याध निघाली, तर पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकणार नाही. दुसरी, ‘मूळव्याध विना ऑपरेशन बरी’ अशा पाट्या लावणाऱ्यांना बैठकीत शिव्या देऊ नका. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण तिथे जाऊन आलेले असतात, त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो आणि ते गप्प होतात. ‘इलाजाआधी तपासलं का?’ एवढंच विचारायला शिकवा. तिसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: मूळव्याध सापडली म्हणजे कॅन्सर नाही, असं होत नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल किंवा रक्ताबरोबर दुसरी काही तक्रार असेल, तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायची का हे डॉक्टरला विचारायलाच हवं. वय कमी आहे म्हणून रक्ताकडे काणाडोळाही नको. आपल्याकडे तरुण रुग्णही पुष्कळ दिसतात.

दुसऱ्या तक्रारी म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त दिवस शौचाची सवय बदललेली असणं, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, शौच बारीक होणं, कारण नसताना वजन उतरणं. आणि हिमोग्लोबिन कमी असणं. पोटाच्या उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ असली तर रक्त बऱ्याचदा डोळ्यांना दिसत नाही, माणूस नुसता थकत जातो. लोहाची कमतरता पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत निघाली, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबायचं नाही, रक्त जातंय कुठे ते शोधायचं. नंदुरबारकडे सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच असल्याने ‘अंगात रक्तच कमी’ म्हणून विषय तिथेच संपतो. तिकडे हे दोनदा सांगा.

खाण्यावरची चर्चा आवरती घ्या. तिखट शेवभाजीने कॅन्सर होतो का, हा प्रश्न हमखास येतो. तिखटावर खापर फोडायला पुरावा नाही. तंबाखू, दारू, वाढलेलं वजन आणि प्रक्रिया केलेलं मांस यांच्याविरुद्ध आहे. भाकरी, डाळी, भाजीपाला खा. पुढे चला.

‘पोटाला पिशवी लावतील’, म्हणजे ऑपरेशननंतर शौच पोटावरच्या पिशवीत येईल, ही भीती मात्र टाळून जाऊ नका. लोक आजार लपवतात ते बऱ्याचदा हिच्यामुळे. खरं ते सांगा: काहींना पिशवी लागते, त्यातल्या अनेकांची काही महिन्यांनी निघते, काहींची कायम राहते, आणि आजार लवकर सापडला तर ती टळण्याची शक्यता वाढते. पिशवीसह शेती करणारा, लग्नकार्याला जाणारा माणूस तुमच्या ओळखीत असेल आणि तो स्वतः तयार असेल, तर त्यालाच बोलू द्या. त्याच्या दहा मिनिटांपुढे आपलं तासभराचं भाषण फिकं पडतं.

उठण्याआधी जायचं कुठे ते नक्की सांगा. बोटाची तपासणी आणि हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलून वार ठरवा. दुर्बिणीसाठी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करा, माणसाला वाऱ्यावर सोडू नका. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करायचं औषध घ्यावं लागतं, हे सांगितलं नाही तर तो जेवून जातो आणि परत पाठवला जातो. कॅन्सर निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं.

आणखी एक. तिशीपुढच्यांसाठी सरकारची कॅन्सर तपासणी असते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची. मोठं आतडं त्यात नाही. ‘आमची शिबिरात तपासणी झाली’ म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा.

पंधरा दिवसांनी, बैठकीनंतर बाजूला येऊन हळूच विचारून गेलेल्यांच्या घरी जा. गेले नसतील तर सोबत जा. ज्याच्या घरात हा कॅन्सर निघालाय, तिथे भावंडांचं आणि मुलांचं विचारा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा गेलात तर सगळी एकत्र भेटतात. त्यांना काही त्रास नसला तरी दुर्बिणीची तपासणी 40 व्या वर्षी, किंवा रुग्णाला ज्या वयात आजार निघाला त्याच्या 10 वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा करून घ्यायला सांगा.