डिप स्विचशी ओळख: ऑटोमेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ऑटोमेशनच्या नोकरीत नव्याने आलेल्यांचे सारे लक्ष पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) प्रोग्रामकडे असते. काम मात्र पुष्कळदा अडते ते बोर्डाच्या कोपऱ्यातील लाल किंवा निळ्या डबीवरच्या इवल्याशा पांढऱ्या खटक्यांपाशी, म्हणजेच डिप स्विचपाशी.

या खटक्यांतून मोटरचा करंट जात नाही, हे आधी लक्षात घ्यावे. नेहमीच्या रचनेत मायक्रोकंट्रोलरची (बोर्डावरच्या छोट्या संगणक-चिपची) इनपुट पिन १० किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत ५ व्होल्टला जोडलेली असते आणि खटक्याचे दुसरे टोक ग्राउंडला असते. खटका ऑफ असताना पिनवर ५ व्होल्ट दिसतात. ऑन केला की पिन थेट ग्राउंडला जाते आणि रेझिस्टरमधून जेमतेम अर्धा मिलिअँपिअर वाहतो. म्हणजे ऑन केलेल्या खटक्याच्या पिनवर प्रत्यक्षात शून्य असते आणि त्याचा १ असा अर्थ फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) लावते. मल्टीमीटर घेऊन बसलेला नवखा नेमका इथेच गोंधळतो.

मॉडबस या संदेशवहनाच्या पद्धतीने जोडलेल्या मीटरवर हेच खटके त्याचा पत्ता, म्हणजे लाइनवरचा ओळखक्रमांक, ठरवतात. पहिल्याची किंमत १, मग २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाते. २१ हवा असेल तर पहिला, तिसरा आणि पाचवा ऑन करायचा. काही उत्पादक क्रम उलटा ठेवतात, त्यामुळे मॅन्युअल उघडण्याचा कंटाळा करू नये. सर्व्हिसच्या कामात मला वारंवार ऐकू येणारी तक्रार म्हणजे, “सर, पत्ता बदलला, तरी मीटर बोलत नाही.” बहुतेक वेळा सप्लाय बंद करून पुन्हा चालू केलेला नसतो, कारण बरीच उपकरणे खटक्यांची स्थिती सुरू होतानाच एकदा वाचतात. खटका सरकवायला पेन्सिल मात्र वापरू नये. ग्रॅफाइटची वीजवाहक पूड आत जाते.

पत्त्याच्या खटक्यांशेजारी अनेकदा टर्मिनेशनचा एक वेगळा खटका असतो. तो आरएस-४८५ लाइनच्या (ज्या तारांवरून ही उपकरणे संदेश पाठवतात तिच्या) ए आणि बी तारांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर जोडतो आणि तो लाइनच्या फक्त दोन टोकांनाच ऑन असावा लागतो. सप्लाय बंद ठेवून ए आणि बी यांच्यामध्ये मोजल्यास साधारण ६० ओहम मिळतात. मल्टीमीटरने ४० दाखवले, तर मधल्या कोणत्या तरी उपकरणावर तिसरा खटका ऑन राहिला आहे असे समजून एकेक पॅनेल उघडत जावे.