एसीएलच्या ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी नको

एसीएल म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडणारं एक लिगामेंट, त्याचं ऑपरेशन झालेल्यांनी एक लक्षात ठेवा, झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. गुडघा वाकलेलाच राहिला की पूर्ण सरळ व्हायला फार त्रास देतो आणि मग लंगडणं जात नाही. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू दे, मांडी घट्ट आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा, ५ सेकंद धरा, सोडा, असं १० वेळा, दिवसातून ३-४ दा. वाटी वर सरकताना दिसली म्हणजे बरोबर चाललंय. नंतर बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं.

आपल्याकडे कोकणात घराबाहेर पडलं की पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आलीच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी त्याच्यासोबत. पावसात चिऱ्यावर शेवाळ असतं तेव्हा कोणाचा तरी हात धराच, लाज कसली! पुळणीवर चालायची घाई तर अजिबात नको, मऊ वाळूत पाय मुरगळतो आणि दुखणं कमी झालं तरी आतलं ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला तुकडा, पहिले काही महिने कच्चंच असतं. पोटरी सुजून दुखायला लागली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.