पहिलं बोट उचललं की चित्र उडी मारतं: अँड्रॉइडवर सापडलेला उपाय

माझ्या अ‍ॅपमध्ये चित्र सरकवताना दुसरं बोट टेकून पहिलं उचललं, की चित्र टुणकन दुसऱ्या बोटाकडे उडायचं. मोठ्या उड्या गाळून पाहिल्या, तर वेगाने सरकवणंच अडखळलं. दोन संध्याकाळी वाया.

अँड्रॉइड टेकलेल्या प्रत्येक बोटाला इंडेक्स (० पासूनचा यादीतला क्रमांक) आणि आयडी (उचलेपर्यंत तीच राहणारी ओळख) देतं. एक बोट उचललं की दुसऱ्याचा इंडेक्स बदलू शकतो, आयडी नाही. आणि बोटाची आडवी जागा (एक्स) देणारा नुसता गेटएक्स() कायम इंडेक्स ० वाचतो, म्हणून पहिलं उचललं की दुसऱ्याची जागा मिळते.

आधी काय घडलं ते ओळखायला गेटअ‍ॅक्शनऐवजी गेटअ‍ॅक्शनमास्क्ड घेतलं; त्याच्या उत्तरात बोटाचा इंडेक्स मिसळलेला नसतो. अ‍ॅक्शन_डाउनला (पहिलं बोट टेकलं की) गेटपॉइंटरआयडी(०), म्हणजे त्या बोटाचा आयडी, जपून ठेवला. मूव्हमध्ये (बोट सरकताना) फाइंडपॉइंटरइंडेक्सने आयडीवरून इंडेक्स शोधून त्याच बोटाचे एक्स-वाय वाचले. अ‍ॅक्शन_पॉइंटर_अपला (एक बोट उचललं, पण दुसरं टेकलेलं आहे) उचललेलं बोट आपलंच निघालं, तर दुसऱ्याचा आयडी घ्यायचा. उचललेलं बोट या इव्हेंटमध्ये अजून मोजलेलं असतं, म्हणून गेटअ‍ॅक्शनइंडेक्स (उचललेल्या बोटाचा इंडेक्स) ० असेल तर नवं बोट १, नाहीतर ०. त्याच क्षणी शेवटचे एक्स-वायही नव्या बोटाचे करायचे (मी नेमकं हेच विसरलो होतो). अप (शेवटचं बोट उचललं) आणि कॅन्सलला (स्पर्श रद्द झाला) आयडी पुसायचा.