गिटार खरखरतेय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

दुरुस्तीला गिटार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, आवाज नेमका कसा येतो? ‘बझ येतोय’ एवढ्या उत्तरावर माझं भागत नाही. आपल्या भाषेत खरखर, खडखड, झणझण, भुणभुण असे नेमके शब्द आहेत, त्यातला एक निवडा. खरखर असेल तर बहुतेक वेळा तार फ्रेटला, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीला, घासत असते. खडखड असेल तर काहीतरी सुटं झालेलं असतं. सतारीसारखी झणझण आली की मी नट आणि सॅडल बघतो, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात त्या दोन पट्ट्या: नट खुंट्यांकडची, सॅडल बॉडीवरची. हे ठरवण्यासाठी दहा मिनिटं शांत बसून ऐकावं लागतं, आणि तीच दहा मिनिटं कुणी देत नाही. व्हिडिओ बघतात आणि थेट ॲलन की (षटकोनी किल्ली) घेऊन ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) आतली धातूची सळई, पिळायला लागतात.

ट्रस रॉडची ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता खरोखर वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात जाणारा एक मुलगा गिटार घेऊन आला. आईने वाढदिवसाला दिलेली, जेमतेम आठ महिने वाजलेली. तक्रार अशी होती की पाचवी तार (सगळ्यात जाड सहावी, तिच्या शेजारची) मोकळी छेडली की खडखड व्हायची. त्याने रॉड घट्ट केला, अर्धा फेरा. फरक पडला नाही म्हणून आणखी एक फेरा. ॲलन की थोडी सैल बसत होती, त्यामुळे रॉड फिरवायच्या लोखंडी नटचे कोपरे गोल झाले. नेक मागे वाकली आणि पहिल्या पाच फ्रेटवर सगळ्याच तारा खरखरायला लागल्या. मूळ खडखड होतीच. ती सापडायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पाचव्या तारेच्या खुंटीभोवती, हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) पुढच्या बाजूला जो षटकोनी नट असतो, तो सैल होता. दहा नंबरचा पाना, पाव फेरा, संपलं. रॉडचा गोल झालेला नट मात्र दुसरा बिट (किल्लीचं टोक) ठोकून बसवून सोडवावा लागला. त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि त्याचे पैसे.

ट्रस रॉड नेकचा बाक ठरवतो. त्याचं काम तेवढंच. खरखर फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक जास्त सरळ झाली असू शकते, आणि तेव्हा रॉड सैल करायचा असतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे खरखर असेल तर रॉडने काही होत नाही. मोजायचं असं: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधारण ०.२५ मिमी हवी. माझ्याकडे जाडी मोजायच्या पट्ट्या आहेत. घरी असाल तर पातळ व्हिजिटिंग कार्ड सरकवून अंदाज येतो. फट बरोबर असेल तर रॉडला हात लावायचा नाही. नसेल तर एका वेळी पाव फेरा, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी. मी स्वतः रात्र मध्ये जाऊ देतोच. घाई असलेल्यांना हे पटत नाही, पण लाकूड आपल्या वेगाने हलतं.

खडखडीची जागा शोधायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. मोकळ्या पाचव्या तारेवर आवाज आला, तर तोच सूर सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजवायचा. दोन्हीकडे सूर तोच, ११० हर्ट्झ. दोन्हीकडे खडखडलं तर दोष तारेत किंवा फ्रेटमध्ये नाही. त्या सुराला गिटारवरचं काहीतरी सैल अंग थरथरतंय. मग दुसऱ्या कुणाला तो सूर वाजवत राहायला सांगायचं आणि आपण एकेक भाग बोटाने दाबायचा: खुंट्या, त्यांचे स्क्रू, हेडस्टॉकवरची छोटी पट्टी, पिकगार्डच्या (बॉडीवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) कडा, गळ्यातल्या पट्ट्याचं बटण, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) पिना. पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला पोचवणारा भाग) असेल तर बॅटरीचा कप्पा आणि आत लोंबणारी वायर. ज्या जागी दाबल्यावर आवाज थांबतो, तीच जागा. कुठेच थांबला नाही तर बोटाच्या पेराने टॉप आणि बॅक, म्हणजे बॉडीची पुढची आणि मागची फळी, हलकेच ठोकत जायचं. आतली एखादी ब्रेस (फळीला आधार देणारी लाकडी पट्टी) सुटली असेल तर त्या ठिकाणी फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. साउंडहोलमधून मोबाइल आत घालून फोटो काढला तर फटही दिसते. ब्रेस चिकटवायचं काम मात्र कारागिराकडेच द्या. पातळ चटकन सुकणारा गोंद ओतून ठेवलेल्या गिटारी माझ्याकडे येतात, तेव्हा आधी तो गोंद खरवडण्यात दिवस जातो.

आणि हो, खोली बदलून बघा. लोखंडी कपाट, खिडकीची काच, भिंतीवरची फोटोफ्रेम, शर्टाचं बटण, यातलं काहीही सुरात सूर मिसळतं.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. बोट फ्रेटच्या मधोमध ठेवू नका, फ्रेटच्या लगेच मागे दाबा. नवशिक्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटते. कॅपो तिरका लावू नका. हेडस्टॉकवर तारेची लांब टोकं तशीच सोडू नका, ती एकमेकांना लागून किणकिणतात. तारा खूप पातळ घेतल्या किंवा सूर खूप उतरवला की ताण कमी होतो आणि तार फ्रेटला लागते. तो गिटारचा दोष नाही. एकाच फ्रेटवर खरखर असेल तर पुढचा फ्रेट उंच झालेला असतो. तार बदलताना बॉल एंड (तारेच्या टोकाची गोळी) पिनेच्या टोकावर अडकवू नका. पिन दाबून धरा, तार वर ओढा, गोळी आतल्या पट्टीला टेकू द्या.

आता झणझण. तंबोऱ्यात हीच झणझण आपण मुद्दाम आणतो. घोडीचा माथा किंचित उतार देऊन घासलेला असतो, खाली दोरा सरकवून जवारी लावतात, आणि तार त्या माथ्याला सतत स्पर्श करत राहते. गिटारच्या नटची खाच सपाट झाली की तिथेही नकळत जवारी लागते. मोकळी तार झणझणते, फ्रेट दाबला की थांबते. खाचेत तारेखाली कागदाचा बारीक तुकडा घाला. थांबली तर दोष सापडला. खाच हेडस्टॉककडे उतरती हवी, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरूनच सुटते. ते घासकाम बारीक कानशीने आणि सवयीच्या हातानेच व्हावं.

घासण्यावरून दुसरी मोठी चूक आठवते, पावसाळ्यात सॅडल घासण्याची. रत्नागिरीच्या एका मुलाची गिटार जुलैत जड वाजायला लागली. दमट हवेत लाकूड फुगतं, टॉप वर उचलतो, त्याच्याबरोबर ब्रिज आणि तारा. तिथल्या कुणीतरी सॅडल एक मिलिमीटर घासून दिली. सॅडल जितकी घासाल त्याच्या निम्मा फरक बाराव्या फ्रेटवर पडतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पावसात छान वाजली. पुढे तो पुण्यात वसतिगृहात आला. एप्रिलच्या कोरड्या दुपारी टॉप खाली बसला, फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागली आणि सहाही तारा खालपासून वरपर्यंत खरखरायला लागल्या. तो रडकुंडीला आला होता, कारण त्याला वाटलं गिटार संपली. घासलेली सॅडल परत वाढत नाही, म्हणून हाडाची नवी करावी लागली. अख्ख्या लाकडाच्या टॉपला हे जास्त होतं, प्लायला कमी.

म्हणून मी आता प्रत्येकाला केसमध्ये आर्द्रता मोजायचा छोटा मीटर ठेवायला सांगतो. ४५ ते ५५ टक्के असेल तेव्हाच सेटअप, म्हणजे नेक, नट, सॅडल जुळवण्याचं काम, करायचा. पुण्यात उन्हाळ्यात मी साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, नीट पिळलेला स्पंज ठेवतो आणि डबी केसमध्ये हेडस्टॉकजवळ. मे महिन्यात तो दर तीन-चार दिवसांनी सुकतो, पुन्हा ओला करायचा. त्या रत्नागिरीच्या मुलाच्या गिटारला नवी सॅडलसुद्धा मी दोन आठवडे डबी ठेवून, टॉप वर आल्यावरच बसवली.