ऊस वाहतूक आणि रब्बी हंगामापूर्वी ट्रॅक्टरची बॅटरी घेताना

ज्वारी-हरभऱ्याची पेरणी, द्राक्षबागेतील गोड्या छाटणीनंतरच्या फवारण्या आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ही तिन्ही कामे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकमेकांना खेटून येतात आणि नेमक्या त्याच वेळी अनेक ट्रॅक्टर सेल्फ घेईनासे होतात. याचे मूळ बहुधा उन्हाळ्यात असते. चाळीस अंशांवरच्या उष्णतेत बॅटरीच्या आतील पाणी उडते आणि प्लेटा झपाट्याने झिजतात. त्यानंतर पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये आठवडेच्या आठवडे उभा राहिला, तर अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. थंडी पडली की इंजिन ऑईल घट्ट होते, सेल्फला अधिक जोर लागतो आणि बॅटरीची ताकद मात्र घटलेली असते. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पहाटेच्या फवारणीला निघालेला ट्रॅक्टर जागचा हलत नाही आणि मालक मिळेल ती बॅटरी मिळेल त्या भावाने उचलतो. बॅटरीची तपासणी दसरा-दिवाळीच्या सुमारासच उरकून घेतल्यास दोन-तीन दुकानांत चौकशी करण्याइतका वेळ हाताशी राहतो, आणि घासाघिशीपेक्षा अधिक पैसे या वेळामुळेच वाचतात.

दोष बॅटरीचाच आहे का?

नवी बॅटरी घेण्यापूर्वी जुनी खरोखर संपली आहे याची खात्री करून घ्यावी, कारण सैल पट्टा, गंजलेले टर्मिनल किंवा बिघडलेला अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र) यांचे खापर बॅटरीवर फुटते आणि सहा-सात हजार रुपये खर्चूनही तक्रार पंधरा दिवसांत पुन्हा उद्भवते. तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरी असावा. ट्रॅक्टर रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजल्यावर बॅटरीने १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक दाखवल्यास ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, असे समजावे. त्यानंतर दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. भरलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी ९.६ व्होल्टच्याही खाली कोसळत असेल, तर ती थकलेली आहे. इंजिन सुरू झाल्यावर मध्यम वेगात १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा १३ च्या आसपास अडकला तर बॅटरी भरतच नाही, आणि १५ कडे सरकला तर ती आतून उकळते. दोन्ही प्रकारांत आधी अल्टरनेटर आणि त्याचा दाब आवरणारा रेग्युलेटर दाखवून घ्यावा.

एक दोष सहसा कोणी तपासत नाही. बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी चिखल, खत आणि मळी यांनी आतून सडते, पण वरून ती शाबूत दिसते. मल्टिमीटरची एक तार ऋण टर्मिनलच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा मोठा आकडा दिसल्यास पट्टी बदलावी. हे काम शे-दोनशे रुपयांत होते आणि बॅटरीला आणखी एक हंगाम मिळू शकतो.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर सहाही घरांची (सेलची) ग्रॅव्हिटी, म्हणजे आतील ॲसिडची घनता, हायड्रोमीटरने मोजावी. पूर्ण भरलेल्या घरात ती साधारण १.२५० ते १.२८० असते. पाच घरे ठीक आणि एकाच घरात ०.०५० किंवा त्याहून अधिक फरक आढळला, तर ते घर मेले आहे आणि अशी बॅटरी कितीही वेळ चार्जिंगला लावली तरी उपयोग होत नाही. अशा बॅटरीत वरून ॲसिड ओतून ती ‘जिवंत’ करून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ग्रॅव्हिटीचा आकडा तेवढा वाढतो, प्लेटा मात्र अधिकच लवकर संपतात.

किती अँपिअरची घ्यावी?

पस्तीस ते पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला कंपनीकडून साधारण ७५ ते ८८ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते याचे माप) बॅटरी येते, तर द्राक्षबागेतील मिनी ट्रॅक्टरला त्याहून लहान. आपल्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतील आकडा हाच आधार मानावा. थोडी मोठी बॅटरी बसत असेल तर बिघडत नाही, परंतु ‘जितकी मोठी तितकी चांगली’ हा समज खरा नाही. अल्टरनेटर तोच राहिला आणि ट्रॅक्टर दिवसातून तासभरच चालत असला, तर मोठी बॅटरी एकदा उतरल्यावर पुन्हा पूर्ण भरत नाही आणि अर्धवट भरलेली राहूनच खराब होते. आकाराने मोठी बॅटरी खोक्यात नीट न बसल्यास क्लॅम्प आवळला जात नाही, आणि बांधांवरून धक्के खाणारी सैल बॅटरी आतून तुटते. धन टर्मिनल डावीकडे की उजवीकडे हेही आधी पाहून जावे, नाहीतर तार पुरत नाही म्हणून ती ताणून किंवा जोड देऊन बसवली जाते. कारची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून ट्रॅक्टरला लावू नये. ती अशा हादऱ्यांसाठी बनवलेली नसते आणि वॉरंटीही त्यामुळे नाकारली जाते.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो स्पष्ट शब्दांत मांडणे भाग आहे. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन्‌तास उभा असतो, इंजिन बंद असते, पण दिव्यांच्या माळा आणि गाण्यांचा डेक चालूच असतो. पुढचे दोन दिवे आणि इतर लहान दिवे मिळून दीडशे वॅट आणि डेकचे दोनशे वॅट धरले, तर बॅटरीतून तासाला जवळपास २९ अँपिअर-अवर जातात. म्हणजे ७५ एएचची भरलेली बॅटरी दीड तासाच्या आत निम्म्यावर येते. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फसाठी काही सेकंदांपुरता शेकडो अँपिअरचा झटका देण्याकरिता बनलेली असते आणि तिच्या प्लेटा त्यासाठीच पातळ ठेवलेल्या असतात. रोज रात्री तिला निम्म्याहून खाली उतरवले, तर उत्तम बॅटरीही एक-दोन हंगामांत संपते. ज्यांना डेक हवाच आहे त्यांनी त्याच्यासाठी खोलवर उतरणे सोसणारी वेगळी बॅटरी ठेवणे हिशेबाला परवडते. चालकाला हे पटवणे मात्र मालकाच्या गोडीगुलाबीवर अवलंबून आहे.

छापील किंमत, बाजारभाव आणि वॉरंटी

खरेदीत सर्वाधिक फसगत वॉरंटीच्या आकड्यात होते. दुकानदार ‘छत्तीस महिने’ म्हणतो, पण कार्डावर १८ + १८ असे लिहिलेले असते. यातील पहिला आकडा म्हणजे बॅटरी खराब झाल्यास फुकट बदलून मिळण्याचा काळ आणि दुसरा म्हणजे प्रो-राटा, अर्थात वापरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात घटत जाणारी सवलत. ही सवलत बहुधा छापील किमतीवर मोजतात, आणि छापील किमतीला तर बाजारात कोणी बॅटरी घेतच नाही.

समजा, बॅटरीची छापील किंमत ९,००० रुपये आहे, बाजारात ती ७,००० ला मिळते आणि जुन्या बॅटरीचे भंगार १,५०० ला जाते. प्रो-राटाच्या काळात बॅटरी खराब झाली आणि ३० टक्के सवलत मिळाली, तर ६,३०० रुपये भरावे लागतील आणि जुनी बॅटरीही कंपनीकडे जमा करावी लागेल. वॉरंटीचे नाव न काढता तीच बॅटरी बाजारातून घेतली, तर भंगार वजा जाता ५,५०० रुपयेच पडतात. म्हणजे ज्या सवलतीचा गाजावाजा होतो ती घेतल्याने आठशे रुपयांचे नुकसान होते. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना फक्त फुकट बदलीच्या महिन्यांनी किमतीला भागावे. समजा, एक बॅटरी ६,४०० रुपयांना १८ + १८ ची आहे आणि दुसरी ७,४०० ला सलग ३६ महिने फुकट बदलीची आहे. पहिलीचा खात्रीचा महिना सुमारे ३५६ रुपयांना आणि दुसरीचा सुमारे २०६ रुपयांना पडतो. वरवर हजाराने महाग दिसणारी बॅटरीच येथे स्वस्त ठरते.

कार्डावर वाहनाच्या प्रकारानुसार वॉरंटीचा काळ वेगवेगळा छापलेला असतो, तेव्हा ‘ट्रॅक्टर’ या ओळीसमोरचा आकडा स्वतः वाचावा. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुधा मूळ वॉरंटीचा उरलेला काळच लागू होतो, हेही विचारून घ्यावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये या बॅटऱ्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानात अजूनही त्याआधीची छापील किंमत असलेली बॅटरी पुढे केली जात असेल, तर ती जुन्या करानुसार महाग तर आहेच, शिवाय इतके महिने पडून राहिलेली आहे, हे त्यावरूनच कळते. पक्के बिल न घेता कर वाचवण्याचा मोह टाळावा, कारण बिल आणि बॅटरीचा अनुक्रमांक जुळल्याशिवाय वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. दावा विनाकारण फेटाळला गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, पण तेथेही पहिली मागणी बिलाचीच होते.

दुकानातच पाहण्यासारखे

बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत असते आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. त्यामुळे उत्पादनाची तारीख विचारावी; ती अनेकदा सांकेतिक अक्षरांत असते, तेव्हा दुकानदाराकडून ती वाचून घ्यावी आणि शक्यतो तीन-चार महिन्यांच्या आतील माल मागावा. आपला मल्टिमीटर सोबत न्यावा. नव्या बॅटरीने १२.४ किंवा त्याहून कमी दाखवल्यास दुसरी मागावी, किंवा पूर्ण चार्ज करून दुसऱ्या दिवशी द्यायला सांगावे. कोरड्या स्थितीत येणाऱ्या बॅटरीत दुकानात ॲसिड भरले जाते, आणि त्यानंतरचे पहिले चार्जिंग कंपनीने सांगितलेल्या तासांइतके होणे आवश्यक असते. गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून ते अर्ध्या तासात उरकले, तर ती बॅटरी पुढे कधीच पूर्ण ताकद दाखवत नाही.

पाणी न लागणारी बॅटरी घ्यावी की पाण्याची, यावर माझे मत असे की ज्यांच्या ट्रॅक्टरचे चार्जिंग जुने आणि कमी-जास्त होणारे आहे, त्यांनी झाकणे उघडणारीच घ्यावी, कारण त्यात पाण्याची पातळी पाहता आणि भरून काढता येते. मात्र बोअरचे पाणी कधीही टाकू नये. त्यातील क्षार प्लेटा खातात. डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

जुन्या बॅटरीचा भाव आणि नव्या बॅटरीचा भाव वेगवेगळा विचारावा. ‘जुनी देऊन इतके’ असा एकच आकडा ऐकला की कशात किती कापले ते समजत नाही. बॅटरीच्या वजनातील मोठा हिस्सा शिशाचा असल्याने भंगाराचा दर किलोवर ठरतो, म्हणून काट्यावर वजन करूनच ती द्यावी. बॅटरीतील ॲसिड बांधावर ओतू नये. त्यातून शिसे विहिरीपर्यंत पोहोचते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था उभारणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे, तेव्हा विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत संकलकाकडेच ती सोपवावी.

बसवताना जुन्या बॅटरीची आधी ऋण तार काढावी, मग धन. नवी लावताना आधी धन आणि शेवटी ऋण. हा क्रम उलटा केल्यास पान्याचे दुसरे टोक चेसिसला लागून ठिणगी उडते. टर्मिनल घासून स्वच्छ करावेत, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा आणि इंजिन सुरू करून चार्जिंगचा आकडा पुन्हा मोजावा. तो आकडा, बसवल्याची तारीख आणि अनुक्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवावेत. गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टर उभा राहणार असेल तेव्हा ऋण तार सोडून ठेवावी, बॅटरी पत्र्याच्या उन्हापासून दूर सावलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी.